पाच दाबणाऱ्या बायका

"ही न्हवं," गोदाक्का म्हणाली.

आजऱ्याच्या पुढे एका काजू कारखान्याच्या दारात मी उभी होते. पाठीवर सॅक, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र आणि चेहऱ्यावर पुण्याहून खेड्यात आलेल्या माणसाचं ते ठरावीक हसू. हात जोडून फक्त "नमस्कार" म्हटलं होतं. तेवढ्यावर लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना काजू फोडत बसलेल्या सगळ्या बायकांचे हात थांबले आणि पत्र्याच्या शेडमधला खटखटाट एकदम बंद पडला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेल्या म्हातारीनं मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"कोण नाही?" मी विचारलं.

"तुमास्नी न्हवं ओ, बाई. ह्या बायांना वाटलं, फोनवाली आली. रोज अकराला फोन करती ती."

"आणि मी ती नाही?"

"छे. तिचा आवाज कसा, रडून रडून बसल्यागत. तुमी चांगल्या हसतमुख हाय."

बायकांनी माना डोलावल्या आणि खटखटाट पुन्हा सुरू झाला. मी तशीच हसतमुख उभी राहिले. ती फोनवाली मीच होते.

हे आता नीट सांगायला हवं. तेव्हा मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होते. फोनवरून माणसाच्या मनाला आधार देता येतो का, हा आमचा विषय. डॉ. टिपणीस आमचे प्रमुख. सरांचा यंत्रांवर एवढा जीव, की शेजारच्या केबिनमध्ये बसून ते मला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवत. तो निरोप आधी भिंतीतून ऐकू यायचा आणि मग फोनवर.

सरांची कल्पना साधी होती. पुण्यातला संगणक रोज सकाळी अकरा वाजता कारखान्यातल्या बायकांना एकामागून एक फोन लावणार. एका मुलीचा आवाज विचारणार, "नमस्कार. आज तुम्हाला कसं वाटतंय? खूप वाईट वाटत असेल तर एक दाबा," इथपासून "खूप छान वाटत असेल तर पाच दाबा," इथपर्यंत. शेवटी, "काही सांगायचं असेल तर बीपनंतर बोला. आम्ही ऐकत आहोत." कोणी सलग एक दाबत राहिलं, तर मुंबईची एक समुपदेशक बाई त्यांना फोन करणार. बीपनंतर जे बोललं जाईल ते दुसरं एक यंत्र लिहून काढणार. प्रत्यक्षात ते यंत्र रोज सगळ्यांच्या नावापुढे एकच वाक्य लिहायचं, "अस्पष्ट, पार्श्वभूमीला आवाज." म्हणजे आम्ही ऐकत आहोत असं सांगत होतो आणि ऐकत कोणीच नव्हतं. ही गोष्ट संस्थेत कोणाला खटकली नाही. मलाही नाही.

आवाजाच्या मालकिणीचं नाव कोणाला सांगायचं नाही, असा सरांचा सक्त नियम होता. "आवाजाला चेहरा नको, मंजिरी. चेहरा आला की संशोधन संपलं."

माझी आई त्या वर्षी श्रावणात गेली. सरांनी फोनवर जोडलेल्या हातांची खूण पाठवली, आणि तिच्याच खाली, "रेकॉर्डिंग शुक्रवारी जमेल का?" मला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. नातेवाइकांनी, मैत्रिणींनी, सोसायटीच्या ग्रुपवरच्या अनोळखी माणसांनीही हातच जोडले होते. मीही प्रत्येकाला उलट हात जोडून पाठवत होते. तेराव्यापर्यंत नुसते हातच हात. मग शुक्रवारी मी काचेच्या खोलीत बसून ती वाक्यं वाचली. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "मॅडम, आवाज काय खोल लागलाय आज." सर म्हणाले, उबदार.

आणि या उबदार आवाजाचा परिणाम विलक्षण झाला. सुरुवातीला बायका एक, दोन, चार, काहीही दाबायच्या. महिनाभरानं सगळ्या तीन-चारवर आल्या, आणि त्यानंतर पाच. रोज, सगळ्या, पाच. सरांनी तो आलेख रंगीत छापून भिंतीला लावला. जगात इतक्या सुखी बायका कुठेही सापडलेल्या नाहीत, असं ते चहा आणणाऱ्या माणसालाही सांगायचे. प्रकल्पाला पैसे देणारी मंडळी दिवाळीआधी येणार होती. त्यांना दाखवायला बायकांच्या तोंडून दोन शब्द हवेत, म्हणून मला कॅमेऱ्याचा फोन देऊन आजऱ्याला पाठवलं. चित्रफीत चांगली झाली तर प्रकल्प दोन वर्षं वाढणार होता आणि माझी नोकरीही. नाही झाली तर दिवाळीला गाशा गुंडाळायचा.

नोकरी गेली असती तर मला कराडला घरी जावं लागलं असतं. तिथे स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला आईची घरात नेसायची साडी तशीच लटकत होती. बाबांनी ती काढली नव्हती, मीही काढली नव्हती. मला पुण्यात राहायचं होतं ते त्या खुंटीपासून लांब. एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती, आणि तिच्यासाठी मी काय वाटेल ते चित्रित करायला तयार होते.

कोल्हापूरकडे जाणारी एसटी कराडला थांबते. आदल्या दिवशी निघाले ते मी कळवलं नव्हतं, पण वाटेत आमच्या रोजच्या फोनवर मागून कंडक्टरची घंटी ऐकून बाबांनी ओळखलं असणार. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस, प्रवाह कुठून कुठे चाललाय ते त्यांना बरोबर कळतं. स्टँडवर माझ्या खिडकीखाली डबा घेऊन उभे होते.

"जेवलीस का?"

"हो, बाबा. तुम्ही?"

"हो."

मग आम्ही दोघांनीही घड्याळात पाहिलं. डबा खिडकीतून आत आला, गाडी हलली. आमचं रोज फोनवर होणारं संभाषण हे एवढंच असायचं. फरक इतकाच, की या खेपेला डबा होता.

तर आता मी त्या शेडमध्ये एका स्टुलावर बसले होते आणि अकरा वाजत आले होते. भिंतीवर खिळ्यांना बायकांच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. पहिली पिशवी वाजली. कोणी हात लावला नाही, कारण लावता येत नव्हता. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून फोडणाऱ्या बायका हातांना गोडेतेल आणि राख चोळून बसतात. स्वच्छ हात एकटीचे, रोजीन बारदेस्करचे. सोललेल्या काजूंची निवड ती करायची, अख्खा वेगळा, तुकडा वेगळा. गळ्यात क्रूस, केसांत अबोली, वय चाळिशीचं. ती उठली, पिशवीतून फोन काढला, स्पीकर लावला आणि देवाचा नैवेद्य धरावा तसा तळहातावर धरून टेबलाच्या मधोमध उभी राहिली.

"नमस्कार," पत्र्याखाली माझा आवाज घुमला. "आज तुम्हाला कसं वाटतंय?"

पुण्यात हेडफोन लावून मी हा आवाज ऐकला होता आणि मला तो ठीक वाटला होता. इथे एवढ्या बायकांमध्ये तो वेगळाच ऐकू आला. त्या मुलीला कोणीतरी घरी नेऊन, दोन घास भरवून झोपवायला हवं होतं.

रोजीननं कोणालाही न विचारता पाच दाबला. बीप वाजली. बायका हातातलं काम न थांबवता बोलायला लागल्या.

"जेवलीस काय गं पोरी?"

"काल सांगितलेला काढा घेतलास? आलं जरा ज्यादा घाल."

"आमच्यात काल पानी आलं बग नळाला."

"माझा भाचा हाय गडहिंग्लजला," एक लुकडी बाई, यल्लूबाई, घाईघाईनं म्हणाली. "आयटीआय झालाय. पान-तंबाकू काय न्हाई. तू हो म्हण, बाकीचं शेवंताच्या फोनवर सांगते."

फोन कट झाला. दुसरी पिशवी वाजली. ती शेवंताची. पुन्हा मी, पुन्हा नमस्कार, पुन्हा रोजीनचा पाच. बीपनंतर यल्लूबाईनं भाच्याची जमीन सांगितली, आणि विहीर कोणाकोणाच्या वाट्यात आहे तेही. सगळ्या पिशव्या संपेपर्यंत हे चाललं. शेवटच्या फोनवर सगळ्यांनी मिळून "जप गं बाई," म्हटलं, रोजीन हात धुऊन आपल्या काजूंकडे गेली आणि जगातल्या सर्वांत सुखी बायकांची त्या दिवसाची नोंद पूर्ण झाली.

कॅमेऱ्याचा फोन माझ्या मांडीवर तसाच पडलेला होता. सुरू करायचा राहूनच गेला.

"गोदाक्का," मी म्हटलं, "ती टेप आहे, हे तुम्हाला माहिती आहे ना?"

"म्हंजी काय. रोज त्येच शबूद आनि रोज त्याच जागी गिळलेला आवंढा. 'काय सांगायचं आसंल तर' म्हणती आनि गिळती. टेप न्हाईतर काय असंल?"

"मग टेपशी कशाला बोलता?"

"टेपमधी बोललंय ते मानूसच न्हवं?" तिनं एक काजू पायाच्या कटरखाली धरला आणि टचकन फोडला. "आमच्या देवळातली आरती बी टेपच हाय. देव न्हाई म्हणालाय काय अजून?"

यावर डॉ. टिपणीसांकडे काहीतरी उत्तर असतं. मी पुढच्या प्रश्नावर गेले.

"बरं, पण सगळ्या पाचच का दाबता? तुम्हाला खरंच रोज खूप छान वाटतं?"

टेबलावर हसू पसरलं. गोदाक्काचे गुडघे गेले होते आणि मुलगा दारूत होता. शेवंताचं सासूशी भांडण कोर्टात होतं. यल्लूबाईचा नवरा गोव्याला हॉटेलात कामाला म्हणून गेला होता आणि आता फोन उचलत नव्हता. हे सगळं त्यांनी मला हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

"मग एक दाबा ना. खरं ते दाबा," मी म्हटलं. "त्यासाठीच तर आहे सगळं."

"बाई, ती पोर बिचारी आपल्या परीनं विचारती. तिला एक दाबून दाखवायचा? आदीच तिची काय दशा, त्यात आमचं रडगाणं?" गोदाक्का म्हणाली. "पाच दाबला की तिला बरं वाटत आसंल."

"आनि एक दाबला की ती मुंबईची बाई येती," यल्लूबाई म्हणाली. "मी दाबलंवता पयला आठवडाभर. ती फोनवर म्हणाली, डोळे मिटा आनि खोल श्वास घ्या. ह्या काजूच्या धुरात मी घेतला खोल श्वास. दोन दिस खोकत हुते. परत न्हाई दाबला बाई, हात जोडले तिला."

सरांच्या भिंतीवरचा रंगीत आलेख माझ्या डोळ्यांसमोर आला. वर वर चढत गेलेली ती रेघ म्हणजे काय, ते आता कळलं. आम्ही या बायकांचं मन सांभाळायला निघालो होतो आणि या बायका महिनोन्‌महिने आमच्या टेपचं मन सांभाळत होत्या. हे चित्रित करून पुण्याला नेलं असतं तर पैसे देणारी मंडळी हसून हसून आडवी झाली असती, आणि मग प्रकल्प बंद, मी कराडला. न नेता खोटं काहीतरी नेलं असतं तर दोन वर्षं मी सुरक्षित होते. मी फोन उचलला, सुरू केला आणि गोदाक्काकडे रोखला.

"फक्त एवढंच सांगा की तुम्हाला फोनचा उपयोग झाला."

"झाला की." तिनं पदर सारखा केला. "पर तुमी आदी आमास्नी एक सांगा. तुमच्याच हापिसात आसती न्हवं ती?"

"असते."

"वळखीची हाय?"

"थोडीशी."

"मग खरं सांगा. तिच्या घरात कोन गेलंय?"

सगळे कटर थांबले होते. हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, म्हणून कोणी विचारलं नव्हतं, सगळ्यांनी हात जोडले होते. नियम माझ्या डोक्यात होता, आवाजाला चेहरा नको. आणि नियम मोडायची गरजही नव्हती, कारण विचारणं माझ्याबद्दल नव्हतंच. तिच्याबद्दल होतं.

"आई गेली तिची," मी म्हटलं. "श्रावणात."

"हां," गोदाक्का शेजारणींकडे बघून म्हणाली. "मी म्हणलं न्हवतं?" रोजीननं क्रूसाला हात लावला. "कशानं गेली?"

"अचानक. दुपारी झोपली आणि उठलीच नाही. ती पुण्यात होती. मुलगी."

"मग ती घरी न्हाई गेली ऱ्हायला?"

"नाही. काम फार असतं तिला."

"बाप हाय?"

"आहेत."

"आनि त्येला कोन विचारतं?"

"ती विचारते की. रोज फोन होतो. जेवलात का म्हणते."

"आनि मग?"

"ते हो म्हणतात."

"आनि मग?"

"मग ठेवते."

गोदाक्कानं हातातला काजू खाली ठेवला. तिच्या हातावर राखेचा थर होता आणि मधल्या बोटांची कातडी जळून काळी पडलेली होती.

"म्हंजी टेपच की," ती म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या हातातला फोन चालूच होता, तो आता टेबलाखालच्या टरफलांच्या ढिगाचं चित्रीकरण करत होता. मी तो बंद केला. डोळ्यांतून पाणी आलं तर धुराचं निमित्त सांगायचं असं ठरवलं, पण कोणी विचारलंच नाही. बायकांनी माना खाली घातल्या आणि जरा जास्तच जोरात काजू फोडायला घेतले.

दुपारी निघताना त्यांनी मला गाठोडं दिलं. त्यात आलं होतं, गूळ होता, एका कागदावर यल्लूबाईच्या भाच्याचा नंबर होता आणि एका कापडी पिशवीत, मान बाहेर काढून, एक जिवंत तांबडी कोंबडी होती.

"ही तिला दे," गोदाक्का म्हणाली. सकाळचं "तुमी" दुपारपर्यंत "तू" झालं होतं. "अळणी करून पाज म्हणावं."

आमच्या भागात अळणी म्हणजे तिखट घालण्याआधीचं कोंबडीचं पाणी. आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात.

"ती कोंबडी खात नाही, गोदाक्का. आठल्ये आहे. त्यांच्यात अंडंही चालत नाही."

"म्हणूनच आवाज तसला," गोदाक्का म्हणाली आणि पिशवीचे बंद माझ्या मनगटात अडकवले. "दे तरी. खाऊ दे न्हाईतर पाळू दे."

एसटीच्या थांब्यापर्यंत रोजीन सोबत आली. पिशवी माझ्या हातात, कोंबडी आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघत होती. गाडी वळणावर दिसली तेव्हा रोजीन म्हणाली, "एक सांगू? सकाळी तू दारात नमस्कार म्हणालीस न्हवं, तवाच सगळ्यांचे हात थांबले. दोन-अडीच म्हैने रोज ऐकतोय त्यो नमस्कार. न वळखायला काय झालं?"

"पण गोदाक्का तर म्हणाली, ही नव्हे."

"ती मुद्दाम म्हणाली. पोरीला लाज वाटंल, ती बोलायची न्हाई, म्हणाली. परक्याचं म्हणून इचारलं की सांगंल." तिनं माझ्या खांद्यावरून हात फिरवला, त्या स्वच्छ हातानं. "पोचलीस की फोन कर. आकडे दाबायला लावू नको."

कंडक्टरनं कोंबडीचंही तिकीट फाडलं. शेजारच्या सीटवरच्या माणसानं ती कितीला घेतली, जात कोणती, अंड्यावर आहे का, सगळं विचारलं, आणि मला एकही उत्तर येईना म्हटल्यावर कोंबडीबद्दल हळहळ व्यक्त केली. कोल्हापूर ओलांडलं आणि माझा फोन वाजला. बाबांची रोजची वेळ.

"जेवलीस का?"

"हो, बाबा. तुम्ही?"

"हो."

इथे मी ठेवणार, तेवढ्यात पिशवीतून कॉक् झालं.

"कसला आवाज?" बाबांनी विचारलं.

"कोंबडी आहे."

"कोणाची?"

"माझी."

मला वाटलं, रेंज गेली. आमचा एवढा लांबलेला फोन आई गेल्यापासूनचा हा पहिलाच होता.

"तिनं काही खाल्लंय का?" बाबा म्हणाले.

मी पिशवीकडे पाहिलं. तिला काही द्यायचं असतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "बाबा, मी कराडला उतरते."

"उतर," बाबा म्हणाले. "मी तांदळाच्या कण्या काढून ठेवतो."

त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या सोवळ्या घरात कोंबडी आली. बाबांनी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, कण्यांची वाटी ठेवली, पाण्याला आईचं पितळी फुलपात्र द्यावं की स्टीलचं भांडं, यावर आमची चर्चा झाली आणि स्टीलचं ठरलं. कोंबडी थेट स्वयंपाकघरात गेली आणि दारामागे, त्या साडीच्या खालीच, अंग फुगवून बसली. साडीचा काठ तिच्या पाठीवर टेकला होता. तिला तिथून हलवायचं म्हणजे साडी बाजूला करावी लागणार होती, आणि ती करायला दोघांपैकी कोणी पुढे होईना. मग ती तिथेच राहिली. कोंबडी आणि साडीही. मी बाबांना जमिनीवर बसून सगळं सांगितलं, पाचची गोष्ट, एकची गोष्ट, मुंबईच्या बाईचा खोल श्वास, गोदाक्काचे प्रश्न. "म्हणजे टेपच की," हे मात्र सांगायचं गाळलं.

पुण्याला परतल्यावर सरांना खरं ते सांगितलं. पाच हे पाच नाहीत, सर, त्या बायका आपल्यावर उपचार करत होत्या. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, केबिनमध्ये जाऊन दार लावलं आणि निरोप पाठवला. भिंतीतून मला आधीच ऐकू आला. "पण मंजिरी, दाबले तर पाचच ना?" चित्रफितीतलं गोदाक्काचं बोलणं मी पुसून टाकलं होतं, उरला होता टरफलांचा ढीग. दिवाळीला प्रकल्प बंद झाला, आणि आजऱ्याच्या पुढच्या त्या शेडमध्ये सकाळी अकराला पिशव्या वाजायच्या थांबल्या. मग मीच वाजवू लागले. रोज जमायचं नाही, पण जमेल तेव्हा रोजीनच्या नंबरावर फोन लावायचा, तो ती स्पीकरवर ठेवायची. यल्लूबाईचा भाचा मी नाकारला, त्याचं तिला वाईट वाटलं, आणि तिनं तसं सांगितलंही.

पण सांगायची गोष्ट ती नाही. नोकरीचे शेवटचे काही दिवस उरले होते, मी पुण्यात सामान बांधत होते, आणि भलत्याच वेळी, सकाळी, बाबांचा फोन आला.

"अंडं घातलंय," बाबा म्हणाले.

"कोणी?" मी वेड्यासारखं विचारलं.

"तिनंच. दारामागे. अजून गरम आहे. काय करायचं याचं?"

सत्तरीला आलेला, आयुष्यात अंड्याला बोट न लावलेला माणूस ते तळहातावर धरून उभा असणार, हे मला पुण्यातून दिसत होतं. मला हसू फुटलं. बाबाही हसायला लागले. कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं ते हसू.

"तुझी आई असती ना," ते हसत हसत म्हणाले, "तर मला आणि हिला, दोघांनाही जिन्यात काढलं असतं."

श्रावणापासून बाबांनी आईचं नाव काढलं नव्हतं. हसू तसंच चालू राहिलं आणि मग मध्येच एका जागी अडकलं. त्यांनी आवंढा गिळला. तो मी ओळखला, माझाच होता. आता दोघांपैकी कोणीतरी "बरं, ठेवतो," म्हणायची वेळ होती. मी म्हटलं नाही. बांधलेल्या खोक्यावर बसले आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाबा," मी विचारलं, "आज तुम्हाला कसं वाटतंय?"

तिकडे कोंबडी काहीतरी बोलली. बाबांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"एक," बाबा म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला नाही.